पाहुण्यांसाठी आणलेलं पाणी

आईनं ग्लास पुढं केला. पाणी तपासायला आलेल्या आमच्या मॅडमनी तो घेतला आणि सगळं पाणी नमुन्याच्या बाटलीत ओतलं. झाकण लावलं. चिठ्ठी चिकटवली. रिकामा ग्लास आईच्या हातात परत.

"अहो, प्या की बाई. ऊन लई हाय," आई म्हणाली.

"आमचं पाणी गाडीत आहे," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या प्रत्येक दारात हेच.

आई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. त्या दिवशी तिनं खाडा केला होता. लेकीच्या विद्यापीठातली माणसं येणार म्हणून ठेवणीतली साडी नेसली होती. मी भूगोल विभागात एम.एस्सी. करते. सगळ्यांना चाकणच्या आमच्या वस्तीत मीच घेऊन गेले होते. कंपन्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्या, सगळ्यांत मिळून एक बोअर. पाणी पिवळं येतं, वास मारतं. अहवाल गेला की नळ येईल, असं मी घरोघर सांगून ठेवलं होतं.

गावाकडं माझ्या आजीच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. ते नुसतं ऐकलं होतं. आता आमच्याच उंबऱ्यात, माझ्याच मॅडमनी आईच्या हातचं पाणी नाकारलं.

काही दिवसांनी मॅडमनी विभागात निकाल वाचून दाखवला. वस्तीचं पाणी पिण्यायोग्य. नळाची निकड नाही.

घरी येऊन आईला सांगितलं.

"अगं, ते बोअरचं नव्हतं. पाव्हण्याला ते घाण पाणी द्यायचं व्हय? आमी बायांनी मिळून पाण्याचा जार इकत आणला होता. सगळ्या घरांत वाटून घेतला."

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर मॅडमना सांगितलं. पुन्हा नमुने घ्या म्हटलं.

मॅडम हसल्या. "म्हणजे फसवलं आम्हाला. या लोकांचं हे असंच असतं. अहवाल गेला आता."

या लोकांचं. मी समोर उभी होते.

"आईनं पाणी प्यायला दिलं होतं, मॅडम. तपासायला नाही. तुम्ही विचारलं असतं तर तिनं बोअर दाखवली असती. अहवालातून माझं नाव काढा."

बाहेर येऊन जिन्यात रडले. खूप रडले. नळाची आशा त्या बायांना मीच लावली होती.

आता दारात कुणीही आलं की आई आधी विचारते, "प्यायला पायजे का न्यायला?" शेजारणीलासुद्धा. ऐकलं की जीव तुटतो.

नळ आलेला नाही. मी विभाग सोडलेला नाही. बोअरचं पाणी आता मीच बाटल्यांत भरते, प्रबंध त्याच्यावरच लिहितेय. सुरुवातीलाच लिहिलंय: आधीच्या संशोधकांनी या घरांत दिलेलं पाणी प्यायलं नाही, म्हणून ते कुठलं आहे हे त्यांना कळलं नाही.

मॅडम म्हणतात, हे वाक्य काढ, नाहीतर प्रबंधावर माझी सही मिळणार नाही.

नाही तर नाही. वाक्य राहणार.