लातूरहून साध्या पेट्रोलवर

नांदेड स्टेशनावर उतरले तेव्हा चिपळूणचा घाम अंगावर वाळून त्याचं मीठ झालं होतं. आमच्याकडे उन्हाळा अंगाला चिकटतो, इथे तो सरळ थोबाडीत देतो. तरी मी खुशीत होते, कारण महानंदाला बऱ्याच वर्षांनी भेटणार होते. भूकंपानंतर आमच्या रुग्णालयाचं पथक लातूरकडे आलं होतं, तेव्हा एका तंबूत आम्ही दोघी नवशिक्या नर्स शेजारी शेजारी राबलो होतो. ती मैत्री टिकली. आता तिचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तिला माझ्याकडून एक काम करून घ्यायचं होतं.

तिचं घर अर्धापूरला, केळीच्या बागांना लागून. सकाळी तिचे यजमान काशिनाथअप्पा म्हणाले, “ताई, नाष्ट्याला सुशीला हाय, चालंल न्हवं?”

मी विचारलं, “कोण सुशीला?”

घरभर हशा पिकला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली झणझणीत फोडणी. मी दोन बशा हाणल्या. हसली नाही ती एकटी शिवलीला, महानंदाची मुलगी. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत तिला गुण कमी पडले होते आणि पुन्हा एकदा बसण्यासाठी तिला आज लातूरच्या क्लासला सोडायचं होतं. आईच्या जागी मी जाणार होते.

निघताना महानंदाने माझा हात धरला. “निकालापासून पोरगी बोलून नाही राहिली गं. तिला खरंच पुन्हा बसायचंय का, एवढं विचारून घे. प्रवेश घ्यायच्या आधी. नाही म्हणाली तर माघारी घेऊन ये, अप्पाचं मी बघते.”

अप्पांचं बघणं सोपं नव्हतं. या केळीच्या व्यापाऱ्याला लेकीसाठी सगळं भारीतलं लागे. ‘पोरीला लातूरला स्पेशल बॅचला घेतलंय,’ असं त्यांनी साऱ्या भावकीत सांगून ठेवलं होतं. परीक्षेचं काय झालं, हे त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

दारात गाडी उभी होती. जर्मन, काळी, हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. ‘जुनी’ हा शब्द तिच्यासमोर काढायचा नाही, हे मी पहिल्या पाच मिनिटांत शिकले. मागच्या सीटवर गादीची वळकटी, बादली, धपाट्यांचा डबा आणि या सगळ्यात चेपून बसलेली शिवलीला. थंडगार हवेत आम्ही गोदावरी ओलांडली. माझ्या जन्मात मी इतक्या मऊ सीटवर बसले नव्हते.

लोह्याला अप्पांनी पेट्रोलसाठी गाडी पंपावर घेतली. कर्मचारी म्हणाला, “साधं हाय. प्रीमियम न्हाई.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. मी विचारलं, “का हो, साधं का नाही?”

“ताई, मानसाला भाकरी चालती, हिला न्हाई. डॉक्टर बोलले व्हते, साधं पाजलं की इंजन बसलं.”

अहमदपूरलाही तेच. प्रीमियमचा टँकर आला नव्हता. काटा खाली खाली चाललेला, पण अप्पा बधेनात. पेट्रोल वाचावं म्हणून त्यांनी एसी बंद केला आणि चारी काचा उघडल्या. एवढी महागाची गाडी आणि आत आम्ही तिघं एसटीतल्यासारखे वारा आणि धूळ खात बसलेलो! मला हसू येत होतं आणि रागही. सिस्टर म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला असले लाड पाहवत नाहीत.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. बापासमोर शिवलीलेला काही विचारता येत नव्हतं. चहाला थांबलो तेव्हा तिला बाजूला घेऊन मी विचारलं, “तुला जायचंय ना गं?” ती म्हणाली, “मावशी, चहा गार होतोय.” पुढे चाकूर गेलं, तरी माझ्या हाती काही लागलं नाही.

लातूर ओळखू आलं नाही. माझ्या आठवणीत तंबू, पत्र्याची शेड आणि रडून थकलेली माणसं. आता जिथे बघावं तिथे फलक, त्यांवर पांढऱ्या कोटात हसणारी मुलं, आणि फलकांखालून पाठीवर दप्तर घेऊन चाललेली त्याहून कितीतरी जास्त न हसणारी मुलं. हॉस्टेल, मेस, झेरॉक्स, पुन्हा हॉस्टेल. इथे माणसाला नाव-गाव नंतर विचारतात. पत्ता सांगणारा रिक्षावाला म्हणाला, “रेग्युलर का रिपीटर?” हॉस्टेलच्या काकूंनी खोली दाखवता दाखवता विचारलं, “रेग्युलर का रिपीटर?” मेसवालीनेही तेच. पहिल्यांदा बसणारे ते रेग्युलर, दुसऱ्यांदा बसणारे ते रिपीटर, हे मला काकूंकडून कळलं. प्रत्येक वेळी शिवलीला तोंड उघडायच्या आत अप्पा घाईघाईने म्हणत, “स्पेशल बॅच हाय.” आणि ती आणखी मिटून जाई.

आता क्लासमध्ये जाऊन प्रवेश घ्यायचा तेवढा उरला होता. महानंदाचा प्रश्न अजून तसाच होता. वाटेत पंप दिसला, काटा तर तळाला टेकलेलाच. अप्पांनी गाडी आत घेतली. शिवलीला वळकटीवर डोकं टेकून पेंगत होती. पंपावरचा माणूस तिच्याच बाजूच्या उघड्या काचेशी वाकला आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, “रेग्युलर का...”

“रिपीटर!” शिवलीला दचकून ओरडली.

तो माणूस पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. मग डोकं खाजवत म्हणाला, “ताई, प्रीमियम हाय, रेग्युलर हाय. रिपीटर न्हाई आमच्याकडं.”

मी आधी हसले की ती, आठवत नाही. पण ती अशी हसली की गाडी हलली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. अप्पा स्टिअरिंग धरून पुतळा झाले होते.

ती उतरली, नाक पुसलं आणि टाकीच्या झाकणामागची बारीक अक्षरं वाचली. “अप्पा, इथं लिहिलंय. प्रीमियम बरं, पण साधंही चालतं.”

“पर ताकद...”

“ताकद तेवढीच असते. प्रीमियम दाबाखाली वेळेआधी पेटत नाही, एवढाच फरक. ते इंजिन आपलं आपण सांभाळून घेतं. लई पळवू नका म्हणजे झालं.”

“तुला गं काय ठाऊक?” मी विचारलं.

“परीक्षेत होतं, मावशी. हे बरोबर आलं होतं.” मग ती बापाकडे वळली. “अप्पा, मला पुन्हा बसायचंय. माझं मलाच बसायचंय. पण स्पेशल-बिशेल सांगू नका कुणाला. मी रिपीटर आहे. तुम्ही ते लपवता ना, तर मला वाटतं मी काहीतरी चोरी केलीय. लपवायचंच असेल तर मी आत्ताच घरी येते.”

मागे मोटरसायकलवाल्यांचे हॉर्न सुरू झाले. शेवटी अप्पा पंपवाल्याला म्हणाले, “टाका रेग्युलर.” आणि तिला म्हणाले, “बस गाडीत. उशीर हून राहिला.”

क्लासच्या खिडकीवर बाईंनी तोच प्रश्न विचारला. या वेळी अप्पा एक पाऊल मागे सरले आणि शिवलीलेने आपलं उत्तर आपण दिलं. हॉस्टेलवर मी तिची गादी घातली. ती म्हणाली, “आईला सांगा, धपाटे मी कुणाला देणार नाही.” मला इतकं हलकं वाटलं की जिन्यातच बसून घेतलं.

परतीच्या वाटेवर अप्पा रेडिओ बंद ठेवून इंजिनाचा आवाज ऐकत होते. गाडी सकाळसारखीच चालत होती. अर्धापूरहून निघताना मला वाटलं होतं, पोरीचं मन वळवायला चाललेय, इकडे किंवा तिकडे. तिचं मन ठरलेलंच होतं, अडलं होतं ते घरच्यांच्या तोंडात.

लोह्याला चहाला थांबलो. केळीच्या बाजारातले एक ओळखीचे गृहस्थ टेबलाशी येऊन बसले. “काय अप्पा, पोरगी सोडली का लातूरला? स्पेशल बॅच म्हनं?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. “हाव, सोडली. स्पेशल न्हाई. रिपीटर हाय. मागच्या टायमाला मार्क कमी पडले, पुन्यांदा बसतीय.”

“बसू द्या की,” ते गृहस्थ म्हणाले, चहात बिस्किट बुडवून खाल्लं आणि पावसाचं काय, यावर बोलू लागले.

ते उठून गेल्यावर अप्पांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “एवढंच व्हतं व्हय?”