बादलीतले बुडबुडे

दौंडच्या पाण्याच्या मोटारींच्या दुकानात, माझी मोटर दुरुस्त होईपर्यंत थांबलो असताना, एकदाच पाहिलेली ती आजी. राहू गावाकडची असावी. तिनं पिशवीतून फवारणी पंपाची बॅटरी काढून काउंटरवर ठेवली.

"परसातल्या हौदात मासं पाळायचंत. हिच्यावर चालंल असा हवेचा पंप दे."

दुकानदार म्हणाला, "आजी, एक एचपीची मोटर न्या की. कारंजं उडंल."

"तीच नेली हुती. लाईट गेली आन् समदं मासं गुदमरून मेलं."

मग तिनं पाण्याची बादली मागवली, त्यात बारका पंप जोडायला लावला आणि स्टुलावर ठाण मांडलं. बॅटरी किती टिकते ते पाहिल्याशिवाय ती हलणार नव्हती. चहासुद्धा नको म्हणाली. अधूनमधून पाण्यात हात घालून बुडबुडे बोटांवर घ्यायची.

मला राहवेना. "आजी, माझेही मासे असेच मेले. मी तर हौदात भंगार भरलं. कशाला हा खटाटोप?"

तिनं बादलीवरची नजर काढली नाही.

"चूक माशांची न्हवती, बाबा."

दुकानदारानं माझी दुरुस्त झालेली मोटर आणून ठेवली. मी ती बाजूला सरकवली आणि दुसरं स्टूल ओढून बादलीशेजारी बसलो.