भाड्याच्या खोलीतलं बाळंतपण

हल्ली ओळखीत कोणी नव्याने खोल्या भाड्याने द्यायला काढल्या की सल्ला विचारायला माझ्याकडे येतात. देवळाली प्रवरेला आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी बरीच वर्षं बिऱ्हाडं ठेवली आणि कोर्टाची पायरी कधी चढावी लागली नाही, एवढंच माझं भांडवल. लोकांना वाटतं, मालकीण झाल्यावर मी शहाणी झाले. खरं म्हणजे जे शिकले ते भाडेकरू असताना शिकले, कोपरगावला, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत.

माझं सांगणं थोडकं असतं. खोली दाखवताना गळकी जागा आधी दाखवा, खिडकी मग. आडाचं पाणी उन्हाळ्यात तळाला जात असेल तर ते भाडं ठरायच्या आधी बोला. पावसाळ्यापूर्वी धाब्याच्या छतावर पांढरी माती टाकणं हे मालकाचं काम, ते भाडेकरूच्या गळ्यात मारू नका. घर तुमचं असलं तरी कडी वाजवल्याशिवाय आत शिरू नका. अटी जरूर घाला, पण प्रत्येक अटीचं कारण निदान स्वतःला तरी सांगता आलं पाहिजे. हे शेवटचं सांगताना माझा आवाज जरा चढतो.

आमचं नवं लग्न. हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. आम्ही जिथे बिऱ्हाड केलं त्या घरात मालकीण, आमच्या काकू, एकट्याच राहत. यजमान वारलेले, एकुलता एक मुलगा रेल्वेत, पार मध्य प्रांतात. त्यानेच त्यांना सांगितलं होतं की मागच्या दोन खोल्या द्या, सोबत होईल. काकूंना सोबत हवी होती आणि सोबतीची भीतीही वाटत होती. मग शेजारच्या वकिलांनी त्यांना मालकीणपणाचे धडे दिले. वकील स्वतः बऱ्याच बिऱ्हाडांचे मालक होते आणि भाडेकरू हा प्राणी कसा असतो, यावर त्यांचा फार अभ्यास होता.

पहिल्या दिवशी काकूंनी आम्हाला ओसरीवर बसवून अटी सांगितल्या. पाढे म्हणावेत तशा एका दमात. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आडाचा दोर वापरून झाला की गुंडाळून ठेवायचा, दिवेलागणीनंतर जातं ओढायचं नाही, आणि खोलीत बाळंतपण करायचं नाही. शेवटचं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी मान हलवली. तेव्हा ते सगळं फार लांबचं वाटत होतं.

सुरुवातीला काकू केव्हाही आत येत. डब्याचं झाकण उघडून बघत, चूल भिंतीला किती लागून आहे ते बघत. मी जात्याच रागीट, त्या वयात तर फारच. एकदा सरळ सांगितलं की काकू, आधी हाक मारत जा. मला वाटलं आता खोली सोडावी लागणार. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मूठभर कोथिंबीर द्यायला आल्या तरी अंगणातूनच खोकत. कधी कधी दोनदा खोकत, मुद्दाम. तेव्हापासून मला त्या आवडायला लागल्या.

मग मला दिवस गेले. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, सासूबाईही नव्हत्या, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज माझ्या कामाचा नव्हता. इथे तर अट, म्हणून दुसरी जागा शोधायला गेलो तर ज्या दारात जावं तिथे लोक माझ्या तोंडाआधी पोटाकडे बघत. शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या एका खेड्यातली चुलती ये म्हणाली. तिच्याकडची भातकापणी आटोपली की जायचं ठरलं. तोपर्यंत मी पदर सावरून वावरत होते आणि काकू काही दिसत नसल्यासारखं करत होत्या.

बाळंतपणाच्या अटीमागे काय आहे, हे त्यांनीच मला एकदा धान्य निवडता निवडता सांगितलं. मूल झालं की सुईण वार नाळेसकट परसात पुरते, आणि जिथे नाळ पुरली ती जागा त्या मुलाची, असं आमच्याकडे मानतात. जागचं न हलणाऱ्याला आपण विचारतोच की, तुझी काय इथे नाळ पुरली आहे का. वकिलांनी काकूंना बजावलं होतं की भाडेकरूची नाळ एकदा तुमच्या परसात गेली की तो जन्मात हलायचा नाही, आणि आता तर भाड्याच्या नव्या कायद्यामुळे सरकारही त्याच्याच बाजूने. कोर्टात शब्दाशब्दाला पुरावा मागणारा हा माणूस, पण नाळेच्या बाबतीत त्याला पुरावा लागला नाही. मला हसू आलं. काकू हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा पुढे येऊन घर विकणार होता, त्याच्या वाटेत काही येऊ नये, एवढीच त्यांची धास्ती होती.

चुलतीकडे जायच्या आधीच, भर दुपारी, माझ्या पोटात कळ आली. ह्यांचा गळिताचा हंगाम, कारखाना गावाबाहेर, निरोप धाडायला कोणी नाही. आत थांबले असते तरी काकूंनी मला बाहेर काढलं नसतं, हे मला कळत होतं. पण दिलेला शब्द मोडायचा नाही, असा हट्ट. दोन जुनेरं गाठोड्यात बांधली आणि सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागले. फाटकाबाहेरच्या ओट्यापर्यंत पोचले आणि तिथेच बसले. पुढे पाऊल उचलेना. भीती वाटली. आपलं मूल रस्त्यावर होणार, असं वाटून रडू आलं.

काकू सोवळ्यात स्वयंपाक करत होत्या. माझं कण्हणं ऐकून तशाच बाहेर आल्या आणि त्यांनी माझा दंड धरला.

“आत चल.”

मी म्हटलं, “काकू, अट आहे.”

“अट भाड्याच्या खोल्यांना आहे. माझ्या माजघराला कुणी घातली नाही.”

त्यांनी मला आपल्या माजघरात नेलं. त्यांचा मुलगाही तिथेच झाला होता. समोरच्या बाईंना सुईणीकडे पिटाळलं, पाणी तापत ठेवलं, आणि उन्हं कलायच्या सुमाराला मला मुलगी झाली. काकू माझ्या उशाशी बसून होत्या.

सुईणीने वार मडक्यात घातली आणि दारात उभी राहिली. घर कुणाचं आणि बाळंतीण कोण, हे तिला ठाऊक होतं.

“आक्का, ही कुठं पुरायची? न्हाई म्हनत आसाल तर नदीकडं नेते.”

मीच म्हणणार होते की नदीकडे ने, गोदावरी काही परकी नाही. तेवढ्यात काकूंनी कोनाड्यातलं खुरपं काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “न्हाणीमागे, अळूच्या वाफ्याशेजारी. खोल पूर.”

वकील त्यानंतर कितीतरी दिवस काकूंशी बोलले नाहीत. काकूंचं त्यावाचून काही अडलं नाही. मुलगी रांगायला लागली ती त्यांच्याच ओसरीवर. तिच्या झोळीचा दोर आढ्याला बांधायचा म्हणून त्यांनी स्वतः सुतार बोलावून कडी मारून घेतली. त्यांचा मुलगा दिवाळीला येई आणि परत जाई. घर विकायचं त्याने पुढे कधी काढलं नाही, आणि राहायलाही तो आला नाही.

मुलगी चांगली बोलायला लागली होती, तेव्हा ह्यांना कारखान्याच्या चाळीत जागा मिळाली. कारखान्याची जागा नाकारणं आमच्या ऐपतीतलं नव्हतं. बैलगाडीत सामान चढलं. मी खोल्या झाडून, सारवून काकूंना बघायला बोलावलं. त्या दारातच थांबल्या आणि सवयीने खोकल्या. मी त्यांना आत घेतलं. भिंती बघा, म्हटलं, एकही खिळा नाही. त्यांनी भिंतींकडे बघितलंच नाही. माझ्या मुलीला उचलून घेतलं.

“वकील म्हणाले होते, नाळ पुरली की भाडेकरू हलत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मी पुरू दिली होती गं.”