मोटारसायकल कोणाच्या नावावर

मोठी मोटारसायकल घ्यायची असं तुमच्या आत्याने जाहीर केलं, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुझे पाय जमिनीला टेकतील का?" चाळिशी ओलांडलेल्या लेकीला याहून गंभीर काही विचारायला हवं होतं खरं. पण आपल्या घराण्यात उंची कोणालाच नाही, हे तुम्हाला आरशात दिसतच असेल.

ती नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात काम करते. लोणावळ्याहून तळेगावपर्यंत लोकल आणि पुढे कंपनीची बस. शिफ्ट बदलली की दोन्ही चुकतात. स्कूटर आहे, पण कामशेतच्या खिंडीत शेजारून ट्रक गेला की ती पतंगासारखी हलते.

तिच्या पैशांत नवी गाडी तरी येत होती, नाहीतर चांगला विमा तरी. दोन्ही हवं तर वापरलेली गाडी घ्यायची, एवढं आमचं लवकर ठरलं. भांडण झालं ते इंजिनावरून. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा सक्तीचा असतो, आणि साडेतीनशे सीसीच्या वर गेलं की त्याचा हप्ता एकदम उडी मारतो. आत्याला आवडलेली गाडी नेमकी त्या रेषेच्या जराशी पलीकडची.

"नुसत्या आवाजासाठी दरवर्षी जास्त भरणार?" मी म्हटलं.

"आवाज नाही गं आई, थंप असतो तो."

"बरं, थंपसाठी."

ती हसली आणि रेषेच्या अलीकडच्या गाड्या बघू लागली.

अशी एक सोमाटण्याला मिळाली. शेतकरी कुटुंब. नातवाने लग्नानंतर चारचाकी घेतली, म्हणून मोटारसायकल विकायला काढलेली. तो कामावर गेला होता, म्हणून आजोबांनीच गोठ्याशेजारच्या पत्र्याखालून ती दाखवली. आत्या वर बसली. दोन्ही पाय टेकले, टाचांसकट. मी कागद मागितले, तर गाडीवर आणि विम्यावर नाव आजोबांचं.

"आबा, तुम्ही चालवता ही?"

"मी? मला सायकल बी येत न्हाई, बाई."

"मग तुमच्या नावावर कशी?"

"घरातली पयली मोठी गाडी थोरल्याच्या नावानं घ्यायची. आमच्यात तसंच हाय. नातू म्हनला, आबा, तुमीच मालक. लय बरं वाटलं बगा."

"आणि नातू पडला असता तर?"

"पडंल कशाला? देवीला नारळ फोडलाय न्हवं."

परतीच्या रिक्षात आत्या म्हणाली, "आई, मी पण तुझ्या नावावर घेते. घरातली थोरली तूच. तुझ्या नावावर आजवर कधी काही घेतलंय कोणी?"

खरंच नव्हतं. घर तुमच्या आजोबांच्या नावावर होतं, स्कूटर आत्याच्या. मी "काहीतरीच काय" म्हटलं, पण घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात त्या गाडीवरून मी खंडाळ्याला दोनदा जाऊन आले होते.

रात्रीच्या जेवणाआधी चष्मा लावून विम्याच्या अटी वाचायला बसले. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा मी सगळं वाचते. अपघातात चालवणाऱ्याला भरपाई मिळते, पण ती गाडीच्या मालकाला, तो स्वतः चालवत असेल तर, आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. माझ्याकडे लायसन्स नाही. गाडी माझी आणि पडणार आत्या, म्हणजे कोणालाच काही नाही. आबांच्या नातवाने ती इतकी वर्षं अशीच चालवली होती.

"गाडी तुझ्याच नावावर घ्यायची," मी सांगितलं.

"आई, प्लीज! मी किती हौसेने म्हणाले होते."

"माझी हौस फिटली. दुपारभर होते की मालकीण."

"मग तू लायसन्स काढ."

"आणि पाय कोणाचे टेकवू?"

हसत होतो, पण ती खट्टू झाली होती. मीही थोडी झाले होते, हे तिला कळू दिलं नाही.

गाडी तिच्या नावावर झाली. नवा विमा काढायला आम्ही बाजारातल्या एका छोट्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीने भराभर सगळं टाइप केलं आणि विचारलं, "नॉमिनी कोण लावू?"

"आई," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बघ! आलं की नाही तुझं नाव?"

ती अगदी खूश होती. ऑफिसातली मुलगी माझं नाव विचारत होती आणि मला ते पटकन सांगता येईना. या रकान्यातलं नाव कशासाठी असतं, ते मी आदल्याच आठवड्यात नीट वाचलं होतं.

शेवटी सांगितलं. स्पेलिंगसुद्धा सांगितलं, आणि टाइप केलेलं तपासून घेतलं.

आत्याचं हसू तेवढ्यात ओसरलं होतं. जिना उतरताना तिने माझा हात धरला. "कामशेतच्या खिंडीत चाळीसच्या वर नेणार नाही, आई."

"पन्नासने ने," मी म्हटलं. "फार हळू गेलीस तर मागचे ट्रकवाले अंगावर येतात."