कुकरातलं भरीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिच्यापाशी माझ्या पोटात काही राहत नाही त्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि मध्येच उठून जाणार नाही असं उगीच वाटतंय.

आधी स्वयंपाकाचं सांगते. सगळं तिथूनच सुरू झालं. की मी तिथे जरा लपते आहे? बघू.

मी शॉर्टकटवाली बाई. नव्वदच्या आसपासचे दिवस. मी जळगावला शाळेत शिक्षिका होते, नवरा धुळ्याला नोकरीला. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी सकाळच्या एसटीने परत जायचा. एवढ्या धावपळीत पाट्यावर वाटण वाटत कोण बसणार? डाळ, भात, बटाटे एकाच कुकरात. शेवभाजीला दुकानातली शेव आणि मसाल्याची तयार पुडी. लसूण-मिरचीचा ठेचासुद्धा मी महिला मंडळाच्या दुकानातून बाटलीत भरलेला आणायचे. बहीण म्हणायची, तुझ्या स्वयंपाकघरात विळीपेक्षा कात्री जास्त चालते. चालायची! मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तयार मसाला वापरणं हा गुन्हा असता तर अर्धं जळगाव आत गेलं असतं.

मग कबुली कसली? थांबा, सांगते.

घरात माझ्याबरोबर सासरे असायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. धरणगावच्या बाजूला त्यांचं गाव, जन्म सगळा शेतात गेलेला. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मग काचबिंदूने आबांचे डोळे गेले तेव्हा आम्ही त्यांना जळगावला आणलं. खिडकीपाशी त्यांची खाट होती. सकाळी ऊन गुडघ्यावर यायचं, तिथून हळूहळू सरकत भिंतीवर जायचं, आणि आबा त्या उन्हाबरोबर तोंड वळवत बसायचे. मी शाळेतून यायचे तेव्हा त्यांच्या तोंडावरून मला किती वाजले ते कळायचं. माझ्या पुडीतल्या आमटीला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. “चांगलं शे, माय,” एवढंच म्हणायचे.

मागितलं त्यांनी एकच. थंडी पडली की आमच्याकडे भरीत शेतात होतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा — पऱ्हाट्यांचा — जाळ, त्यात भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात ठेचायची. मग सगळ्यांनी ढेकळांत बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खायचं. आबांनी सत्तर हिवाळे तसं खाल्लं होतं. शेत आता गुलाबभाऊ बघायचे. ते वीस वर्षं आबांचे सालदार होते, आबांच्या हाताखालीच कर्ते झालेले. आबा म्हणायचे, “माले एक डाव वावरमा लई चाल.” एकदा शेतात घेऊन चल, असं पाणी मागावं इतक्या हळू म्हणायचे. शनिवारी मुलाला आणि इतर दिवशी मला.

का नेलं नाही? रविवार हा माझा एकच दिवस होता. आठवड्याचे कपडे, वह्यांचा गठ्ठा, नवऱ्याशी दोन शब्द. त्यात आंधळ्या माणसाला एसटीत चढवा, धरणगावला उतरवा, पुढे बैलगाडी बघा. ही कारणं खोटी नव्हती. पण मी ती हाताशी ठेवली होती, हेही तितकंच खरं.

तर एक शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर बाजारातून येताना मला तशीच वांगी दिसली, हिरवी, चकचकीत. घेतली. घरी गॅसच्या एका शेगडीवर भाकरीचा तवा होता, दुसरीवर कुकर. वांगी भाजत बसायचा मला कंटाळा आला — इथे मी काही सजवून सांगत नाही, कंटाळाच आला. वांगी कुकरात टाकली आणि दोन शिट्ट्या केल्या. सोलली, बाटलीतला ठेचा घातला, शेंगदाणे, कांद्याची पात. चाखून पाहिलं तर दवाखान्यातलं जेवण. मग मला एक युक्ती सुचली. मागच्या अंगणात घरमालकीण अक्का चुलीवर भाकरी भाजत होत्या, चुलीत पऱ्हाट्याच होत्या. धूप घालायचा आहे असं सांगून मी एक निखारा मागून आणला. वाटीत ठेवला, वाटी भरितात, निखाऱ्यावर तेलाचे चार थेंब, वर झाकण. पाच मिनिटं.

झाकण काढलं आणि स्वयंपाकघरात शेत आलं. मी स्वतः दचकले.

आबांनी खाटेवरूनच विचारलं, कशाचा वास शे? आणि मी — विचार न करता, अगदी सहज — म्हणाले, गुलाबभाऊ शनिवारच्या बाजाराला आले होते, घाईत होते, शेतात भाजलेल्या भरिताचा डबा शाळेतच देऊन गेले.

का म्हणाले? कुकर सांगायची लाज वाटली? त्यांना आनंद व्हावा म्हणून? पुष्कळदा विचार केला आहे. आनंदाचं मला नंतर सुचलं, एवढं नक्की.

त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. जेवताना त्यांचा हात नेहमी ताटात चाचपडायचा, त्या दिवशी चाचपडला नाही. “हाई आपला वावरनं भरीत शे,” ते म्हणाले. पुढचा घास घेताना ते विहिरीपाशी होते. मग बांधावरची बोर आली, मग नाल्याकडचा तो तुकडा जिथे कपाशी उशिरा फुटते. ते हळूहळू बोलत होते आणि मधूनच हसत होते. ऊन भिंतीवर चढलं तरी त्यांनी तोंड वळवलं नाही. इतकं सुख मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मी कुकरात शिजवलं होतं. मला त्या वेळी खूप बरं वाटलं. स्वतःचं कौतुक वाटलं, खरं सांगायचं तर.

संध्याकाळी नवरा आला तो खुशीतच. मित्राची जीप मिळाली आहे, पुढच्या रविवारी आबांना शेतात नेऊ, दिवसभर राहू. मी चहा गाळत होते.

आबा हसले, त्याला डब्याचं सगळं सांगितलं. म्हणाले, “आते काय काम शे जावानं? वावरच घर ई गयं.” आता जायचं कशाला, शेतच घरी आलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं — आबा, ते मी घरी केलं होतं, तुम्ही जा. नवरा माझ्याकडे बघत होता, डोळ्यांत केवढं प्रेम, की हिने गुलाबभाऊंना सांगून डबा मागवला. मी गाळणी धरून उभी राहिले. चहा गाळून झाला होता. पुढचा रविवारही मनात येऊन गेला माझ्या — जीप नाही, प्रवास नाही, वह्या तपासून होतील. हे कबूल करताना अजून कानशिलं तापतात.

मी दोघांना चहा दिला.

मग दर शनिवारी. अक्कांकडून निखारा, दोन शिट्ट्या, झाकण. हात इतका बसला की अर्ध्या तासात भरीत तयार. आबा जेवता जेवता शेताची खबर विचारायचे आणि मी ती द्यायचे. मला शेतातलं काय कळतं? लग्नानंतर चार-पाच वेळा गेले असेन. मी आपली मनाला येईल ते सांगायचे. एकदा म्हणाले, हरभऱ्याला घाटे भरले. आबांच्या कपाळाला आठी पडली — इतक्यात? मग स्वतःशीच म्हणाले, गुलाबने यंदा लवकर पेरला असेल. मी विहिरीला पाणी तोंडापर्यंत आणलं, त्यांनी ते मान्य केलं. मी बोरीवर पोपटांचे थवे बसवले, त्यांनी ते हाकलले. मी शेत चुकीचं सांगायचे आणि ते आपलं शेत माझ्या सांगण्यासारखं करून घ्यायचे. हळूहळू ते शेत मलाही दिसू लागलं. शाळेत मुलं गणितं सोडवत असायची आणि मी त्या बांधावरून चाललेली असायचे, पायाखाली गार माती, लांबवर धूर. खोटं बोलण्याचा त्रास व्हायला हवा होता ना? मला त्या शनिवारांची ओढ लागली होती.

नवऱ्याला यातलं कळलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. तो हंगामाला एकदा शेतात जायचा, गुलाबभाऊंशी बोलणं कापसाचं आणि बियाण्याचं. भरीत कुणाच्या तोंडी येणार? गुलाबभाऊ त्याला विचारायचे, दादा, आबांना कधी आणता? तो म्हणायचा, त्यांनाच यायचं नाही आता. तो खरंच तर सांगत होता.

दुसऱ्या हिवाळ्यात जीप पुन्हा आली. या वेळी अगदी दारात. आबा नको म्हणाले. मी आतून ऐकलं.

चैत्रात आबा गेले. झोपेत, काही त्रास न होता.

गावाकडचे लोक दारावर आले, भेटून गेले. गुलाबभाऊ आले ते पुढच्या खोलीत बसलेच नाहीत. पुरुषमंडळी समोर होती, ते मागच्या दाराशी येऊन उभे राहिले, टोपी हातात. मी स्वयंपाकघरात एकटी होते. त्यांनी हातातल्या टोपीची घडी घातली. मग म्हणाले, “वहिनी, आबा मन्हावर नाराज व्हतात का?”

मला कळेना. मी म्हटलं, नाराज कशासाठी?

“दोन सालं पऱ्हाट्या अलग ठेवल्यात मी. कोनले हात लावू दिधा नही. आबा येतीन, भरीत करू, म्हनीसन. दादा बोलनात, त्यासलेच यानं नही.”

तो माणूस याच धास्तीने जळगावला भेटायलाही आला नव्हता. वीस वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली ते आपल्याला न भेटताच गेले, आपलं काय चुकलं, हे तो दोन वर्षं शोधत होता. आणि ज्या डब्यांबद्दल आबा दर शनिवारी त्यांना दुवा द्यायचे, त्या डब्यांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदा एक वाक्य पुरलं असतं. समोर दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, “नाही हो गुलाबभाऊ. आबांना उठवतच नव्हतं.”

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. चहा घेतला, बशी स्वतः विसळून ठेवली आणि दुपारच्या गाडीने गेले. पुढे तीन-चार वर्षांनी तेही वारले.

नवरा अजून पाहुण्यांना सांगतो की वडिलांना शेवटपर्यंत शेतातलं भरीत मिळालं, ते हिच्यामुळे. पाहुणे माझ्याकडे आदराने बघतात. मी वाढत असते.

जळगावहून ते शेत जीपने तासाभराच्या वाटेवर होतं. आबांना जायचं होतं, गुलाबभाऊ वाट बघत होते, जीप दारात उभी होती. मी त्यांना जाऊ दिलं नाही.