जाड कादंबरीनं केलेली आमची फजिती

चार माणसं पुस्तकावर बोलायला बसली, की पुस्तकावर बोलणं होतं अर्धा तास. बाकी सगळे किस्से! ते आपोआप साचत जातात. आमच्या कट्ट्याचे तर बहुतेक असे, की सांगताना मान खाली जाते.

कट्टा म्हणजे आम्ही चौघं. निवृत्त शिक्षिका सुनंदाताई, बँकेतला विवेक, लकडगंजात लाकडाचा धंदा करणारे प्रकाशभाऊ आणि मी. रविवारी सकाळी माझ्या रामदासपेठेतल्या फ्लॅटवर जमतो. मागे एक कादंबरी घेतली, चांगली आठशे पानांची. एक कुटुंब, त्यातली माणसं, त्यांचे स्वभाव. घडत मात्र फारसं काही नाही.

प्रकाशभाऊंनी ती हातावर तोलून पाहिली. "अर्धं झाड गेलं असन गा याच्यात!"

*

पहिली फजिती माझीच. मधली शंभरेक पानं मी सरळ उलटली होती. तरी ऐटीत म्हणालो, "त्या आजोबांचा, तात्यांचा स्वभाव शेवटी काय उलगडलाय! म्हातारपणी किती मऊ होतात ते!"

सुनंदाताईंनी चष्मा काढला. "मोहनराव, तात्या तर मधेच वारले. तुमच्या स्वप्नात येऊन राहिले काय?"

*

विवेकचं मत ठरलेलं. "भाषा फर्स्ट क्लास, पण बोअर! ती मोठी सून पानंच्या पानं ओट्यापाशी उभी. इतकं उभं राहून तिचे पाय नाही दुखत का?"

"दुखतात," सुनंदाताई म्हणाल्या. "त्या पानांत तेच तर लिहिलंय."

विवेकनं पुस्तक उघडलं आणि बराच वेळ मान वर केलीच नाही.

*

प्रकाशभाऊंना मात्र कादंबरी चढली होती! वाटणीनंतर धाकटा भाऊ एकटाच घर सोडून जातो, त्या प्रकरणावर बोलताना ते चक्क रडले. "मोठ्या भावानं एक हाक माराची होती ना! काहून नाही मारली त्यानं?"

आता, प्रकाशभाऊंचा स्वतःचा धाकटा भाऊ नरखेडकडे असतो. संत्र्याची बाग आहे. वडिलांच्या तेरवीपासून दोघांचं बोलणं बंद. विवेकनं लगेच त्यांचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "भाऊ, लावा आत्ताच!"

प्रकाशभाऊंनी डोळे पुसले. "तो पुस्तकातला भाऊ स्वभावानं चांगला होता गा!"

आम्ही खो खो हसलो. मग दिसलं, ते हसत नव्हते. फोन खिशात टाकून म्हणाले, "तसंही कव्हरेज नसते तिकडं."

*

आणि गेल्या रविवारचं.

कादंबरीतल्या वडिलांवर मी बोलत होतो. सगळ्या गावाची विचारपूस करणारा माणूस, पण घरातल्या मुलाच्या मनात काय चाललंय ते त्याला ठाऊकच नाही. त्या दिवशी मला सूर लागला होता. म्हणालो, "पूर्ण कादंबरीत तो मुलाला एकही प्रश्न विचारत नाही. एकही नाही!" माझाच आवाज भरून आला. सुनंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. विवेक म्हणाला, "काका, हे लिहून काढा!"

तेवढ्यात माझी मुलगी मृणाल चहा घेऊन आली. प्रकाशभाऊंनी कौतुकानं विचारलं, "काय बेटा, काय करून राहिली आजकाल?"

ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "तीच कंपनी! हिंजवडीची. घरूनच काम करते, दिवसभर मीटिंगा!"

मृणालनं ट्रे टेबलावर ठेवला.

"ती नोकरी गेली, बाबा."

"कधी?" मी विचारलं. "मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही हेच पुस्तक वाचत होता. 'हं' म्हणालात, आणि पान उलटलं."