मालनबाईंचं खापर

आमच्या सासूबाई मालनबाई मूळच्या देवळ्याच्या. मांडे करण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या जेल रोडला कोणी नाही, आणि हे मी सून असून म्हणतेय, म्हणजे खरंच असणार. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर मोठी करायची नाही. दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांची चूल आहे. सोसायटीचा सेक्रेटरी धुराची तक्रार घेऊन वर येतो आणि मांडा खाऊन खाली जातो.

तर अशा या बाईने यंदा होळीच्या तोंडावर खापर फडक्यात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. होळीला घरात पुरण शिजलं नाही. ओळखीतल्या पूजाचं डोहाळजेवण होतं, तिची आई मांडे सांगायला आली, तर तिला दारातूनच परत पाठवलं.

कारण आमची वैष्णवी. माझी लेक, तीन वर्षांची, पण सारखी आजारी. कान बरा झाला की खोकला, खोकला गेला की ताप. डॉक्टर आलिमांनी शेवटी रक्ताची एक वेगळीच तपासणी करायला लावली. तिचा निकाल ऐकायला शेखर, म्हणजे माझा नवरा, एकटाच गेला. घरी आला तशी आईंनी दारातच विचारलं, "काय निघालं रे?"

हा माणूस रेल्वेत सिग्नल सांभाळतो, पण घरात कधी काय बोलावं याचा पत्ता नाही. बूट काढता काढता म्हणाला, "शुगरचं काहीतरी आहे. एक प्रोटीन कमी आहे म्हणे."

झालं! आमच्याकडे शुगर म्हणजे एकच. देवळ्याच्या मामांना तीच होती, त्यात त्यांच्या पायाचा अंगठा गेला. 

मी डॉक्टरांना फोन करून सगळं विचारून घेतलं आणि आईंना सांगितलं, "अहो, ती शुगर नव्हे. साखर वाढलेली नाही, साखरेला धरणारं प्रोटीन कमी आहे." बोलून झाल्यावर माझं मलाच वाटलं, यातून कुणाला काय कळणार, कप्पाळ!

"लपवा माझ्यापासून," आई म्हणाल्या. "मामाला बी आधी कोणी खरं सांगितलं नव्हतं."

तेव्हापासून घरात नुसता छळ. गुळाचा डबा कपाटात, कुलपात. द्राक्षं बंद. शेजारच्या सनीच्या वाढदिवसाला वैष्णवीने केकसमोर हात मागे बांधून सांगितलं, "नको, मला शुगर हे." आजीने पढवलेलं! वर प्रोटीन कमी म्हणून मटकी. सकाळी मटकी, दुपारी मटकी. पोरगी वाटी बघितली की पलंगाखाली जायची.

एक दिवस माझं डोकं फिरलं. "आई, पुरे झाली हां ही मटकी! पोरीला काय पोपट समजलात का?"

मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्यांनी वाटी खाली ठेवली. रडवेल्या झाल्या की त्या अहिराणीवर येतात. "मनी चूक शे, माझीच चूक, अंजली. तिला दात बी नव्हते, तवा मी बोटानं पुरण चाटवलं. माझ्याच हातानं तिला शुगर लागली. देवीला बोललेय मी, पोरीची शुगर उतरंल तवाच खापर चढवीन."

मला भडभडून आलं. लोक दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतात, या बाईने स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेतलं होतं. आणि नसलेली शुगर उतरणार कधी? तशीच त्यांना रिक्षात घातली आणि डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर आलिमांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, "आजी, पुष्कळ जंतूंच्या अंगावर साखर असते. आपल्या चहातली नाही, तिच्या नात्यातली. आपल्या रक्तात एक प्रोटीन फिरत असतं. ते जंतूला चाचपतं, साखर लागली की धरून ठेवतं. मग बाकीची मंडळी धावून येतात आणि जंतूचा निकाल लावतात. वैष्णवीत हे धरणारं कमी आहे, म्हणून जंतू ओळखायला उशीर होतो."

"अन् आपल्या अंगावर नसती का साखर?" आईंनी विचारलं.

"असते, पण तिची ठेवण वेगळी. जंतूच्या अंगावर ती अशी दाट असते की या प्रोटीनची सगळी बोटं एकदम टेकतात. एकच बोट टेकलं तर सुटून जातं."

आईंनी हवेतच चिमूट चोळून पाहिली. "पुरणाचं बी तसंच. एका बोटाला नाय कळत शिजलं का ते." मग हळूच म्हणाल्या, "मी चाटवलं होतं, डॉक्टरीणबाई."

"इतक्या लहान बाळाला द्यायला नको होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे जन्मापासूनचं आहे, घराण्यातून येतं."

आई एकदम ताठ झाल्या. "घराण्यातून? लहानपणी माझा कान सारखा वाहायचा! नाक तर कायमच. गावात मला शेंबडी मालन म्हणायचे."

डॉक्टर हसल्या. "तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण असू शकेल. अशी माणसं पुष्कळ असतात, बहुतेकांना पत्ताही नसतो. शरीर जंतूंना ओळखायच्या दुसऱ्या खुणा हळूहळू शिकतं, मग त्रास कमी होतो. लसी वेळेवर द्या, ताप आला की लगेच आणा. आणि गोड खाऊ द्या हो तिला."

मी मनात म्हटलं, गेलं! आता हे नवं खापरही डोक्यावर घेणार. पण आई कशाच्या! "तपासायचं कशाला? माझ्यावरच गेलीय ती. अन् मी काय मेले का? चुलीपुढं बसले तर अजून शंभर मांडे उठवते!" हे बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटनाही सांगून झालं. रिक्षावाल्यालाही.

शुगर नव्हतीच, म्हणजे देवीला बोललेलंही फिटलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गच्चीवर चूल पेटली. शेखरने माळ्यावरून खापर काढून दिलं. सेक्रेटरी धुराच्या आधीच हजर. आईंनी पहिला मांडा उतरवला, तूप सोडलं, फुंकर मारून घास वैष्णवीपुढे धरला.

पोरीने हात मागे घेतले. "नको आजी. मला शुगर हे ना?"

आईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी तिला ओढून मांडीवर घेतलं. "तुला नाय गं माझे माय! शुगर त्या जंतूला हाय. तू खा."

वैष्णवीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती जी सुटली! तोंड पुरणाने माखलं, नाक वाहायला लागलं, तरी थांबेना. आईंनी पदराने तिचं नाक पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शेंबडी कुठली! माझीच हाय."